चौदा गुणांचा हिशेब : इनोउए यांच्या ‘रिअल’विषयी

मराठी समीक्षेला चित्रकथेचे वावडे आहे. फुग्यांतले संवाद दिसले की ते पुस्तक आपण मुलांच्या कपाटात ढकलतो आणि हात झटकून मोकळे होतो. ‘चांदोबा’ आणि ‘अमर चित्रकथा’ यांच्यावर वाढलेल्या माणसांनी तरी असे करू नये. पण ती पुस्तके आपण वाचून विसरण्यासाठी वाचली, त्यांच्याविषयी कधी कुणाला काही विचारले नाही. अशा परिस्थितीत दिवाळी अंकाची सात-आठ पाने एका जपानी चित्रकादंबरीसाठी मागायची, आणि तीही चाकाच्या खुर्चीत बसून बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरांच्या गोष्टीसाठी, हे संपादकांच्या सौजन्याची परीक्षा पाहण्यासारखे आहे. ते सौजन्य त्यांनी दाखवले. आता वाचकांनीही थोडे दाखवावे.

ताकेहिको इनोउए हे जपानचे आजचे एक अत्यंत लोकप्रिय चित्रकथाकार. जन्म १९६७ चा, कागोशिमा प्रांतातला. १९९० ते १९९६ या काळात ‘स्लॅम डंक’ ही त्यांची शालेय बास्केटबॉलवरची मालिका साप्ताहिकातून आली, तिचे ३१ खंड झाले आणि त्या देशातल्या मुलांनी बेसबॉलची बॅट ठेवून बास्केटबॉलचा चेंडू उचलला असे म्हणण्याइतकी ती गाजली. १९९८ पासून ते मियामोतो मुसाशी या तलवारबहाद्दरावरची ‘व्हॅगाबाँड’ ही मालिका लिहू-काढू लागले. आणि १९९९ मध्ये, हे सगळे यश हाताशी असताना, ‘रिअल’ सुरू झाली. ती कधी नियमित आली नाही. वर्षाला साधारण एक खंड अशा चालीने २०१४ पर्यंत १४ खंड निघाले, मग ती थांबली, २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली, १५ वा खंड २०२० मध्ये आला. पंचवीस वर्षांहून अधिक काळ एकच गोष्ट सांगणारा लेखक हा आपल्याकडे चेष्टेचा विषय झाला असता. मला मात्र या मंद चालीत गोष्टीचाच धर्म दिसतो. मोडलेले शरीर आणि मोडलेला माणूस नव्याने जुळून येण्याला लागणारा वेळ हा या कादंबरीचा विषय आहे, आणि तो वेळ लेखकाने वाचकाकडूनही वसूल केला आहे.

मी वाचला तो इंग्रजी अनुवाद. बंगळूरला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने खंड आणून दिले आणि वर सूचना केली, “मामा, शेवटच्या पानापासून सुरू करा.” जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचे असते. पहिली वीसेक पाने डोळ्यांची फारच ओढाताण झाली. नंतर सवय झाली.

गोष्ट तीन तरुणांची आहे. नोमिया तोमोमी हा शाळा सोडलेला दांडगट मुलगा. ओळख होऊन काही तास झालेल्या एका मुलीला त्याने मोटरसायकलवर मागे बसवले आणि अपघात केला. तो धडधाकट राहिला, तिचे पाय गेले. तोगावा कियोहारु हा शाळेतला वेगवान धावपटू. हाडाच्या कर्करोगाने त्याचा उजवा पाय कापावा लागला आणि आता तो खुर्चीतला बास्केटबॉल खेळतो, एकट्याने, कारण संघातल्या इतरांना जिंकण्याची पुरेशी भूक नाही म्हणून तो त्यांच्याशी भांडून बाहेर पडला आहे. तिसरा ताकाहाशी हिसानोबु. नोमियाच्याच शाळेच्या बास्केटबॉल संघाचा कप्तान, देखणा, हुशार आणि मनाने अत्यंत हलका. चोरलेल्या सायकलवरून जाताना त्याला ट्रकने उडवले. पाय कायमचे गेले.

हे तिघे एकत्र येतात, एक संघ उभारतात आणि शेवटी अजिंक्यपद जिंकतात अशी गोष्ट इथे असेल, असे कुणालाही वाटेल. ‘स्लॅम डंक’ लिहिणाऱ्याला ती लिहिणे डाव्या हाताचा मळ होता. पण खंडामागून खंड उलटत जातात आणि ताकाहाशी अजून बिछान्यावरच असतो. बास्केटबॉलचा चेंडू त्याच्या आसपासही फिरकत नाही. पाठीवर वळायचे कसे, बिछान्यावरून खुर्चीत जायचे कसे, आपल्याच शरीराचा कमरेखालचा भाग हा एखाद्या परक्याच्या सामानासारखा उचलून ठेवायचा कसा, यातच दिवस जातात. मलमूत्रावरचा ताबा गेलेल्या तरुण मुलाची लाज इथे येते, ती आपल्याकडच्या लेखनात येते तशी एका सूचक वाक्यात येऊन निघून जात नाही. आई येते, ती चांगली आहे, म्हणूनच तिच्यावर तो अधिक ओरडतो. दुःख माणसाला उदात्त करते हा आपला लाडका समज. इनोउए यांच्या इस्पितळात तो कुठेच खरा ठरत नाही. दुःखाने ताकाहाशी अधिक हलका होतो. किती तरी प्रकरणे तो नुसता दुष्ट वागतो, आणि लेखक घाई करत नाही.

या ताकाहाशीला माणसांना श्रेणी देण्याची खोड आहे. अपघाताआधी तो भेटेल त्या माणसाला मनातल्या मनात अ, ब, क, ड, इ अशी श्रेणी देत असे आणि स्वतःला अर्थातच पहिली. सुंदर मुलगी, चांगली शाळा, संघातले स्थान, सगळ्याचे मोजमाप त्याच पट्टीने. अपघातानंतर पट्टी तशीच राहते आणि तो स्वतः तिच्या तळाशी जातो. म्हणजे पाय गेल्याच्या दुःखापेक्षा मोठे दुःख त्याच्या वाट्याला येते : आयुष्यभर ज्यांच्याकडे तुच्छतेने पाहिले त्या माणसांत आपली गणना होण्याचे. आणि तुच्छतेची ती नजर परकी नाही, स्वतःचीच आहे. तिच्यापासून पळायला जागा नाही. मला हा या कादंबरीतला सर्वांत खोल शोध वाटतो. ‘समाज अपंगांकडे चुकीच्या दृष्टीने पाहतो’ हे वाक्य आपण शाळेच्या निबंधापासून लिहीत आलो. पण उद्या आपल्यावर तीच पाळी आली तर आपल्या डोळ्यांत भरून ठेवलेला तो समाज आपल्याकडेच वळून पाहील, हे कुणी सांगितले नव्हते.

इथे खेळाच्या नियमांकडे वळणे भाग आहे. ते ठाऊक नसतील तर कादंबरीचा अर्धा अर्थ हातून निसटतो.

खुर्चीतला बास्केटबॉल हा काही सोपा करून दिलेला खेळ नाही. कोर्ट तेच, रिंग तीच, जमिनीपासून ३.०५ मीटर म्हणजे दहा फूट उंचीवर. उभ्या माणसाला जे अंतर दिसते त्यात बसल्यामुळे गेलेली उंची मिळवा, आणि उडी वजा करा. चेंडू हातात वा मांडीवर असताना चाकांना लागोपाठ दोनदाच रेटा देता येतो, त्यानंतर चेंडूचा टप्पा टाकावा लागतो किंवा तो दुसऱ्याकडे द्यावा लागतो. खुर्चीची चाके खाली फाकलेली असतात, त्यामुळे ती जागच्या जागी गर्रकन वळते आणि सहज कलंडत नाही. पण तिला एक गोष्ट मुळीच जमत नाही, ती म्हणजे बाजूला सरकणे. उभा खेळाडू आडवा आला तर दुसरा बगल देऊन निघतो. खुर्चीसमोर खुर्ची नेमकी आडवी लागली की मागे येणे, वळणे आणि पुन्हा वेग घेणे याला पर्याय नाही, तोवर खेळ पुढे गेलेला असतो. म्हणून हा खेळ जागा पकडण्याचा आणि वाट अडवण्याचा आहे. नुसता हातांतल्या ताकदीवर तो जिंकता येत नाही.

आणि आता तो हिशेब. प्रत्येक खेळाडूला त्याच्या शरीराची किती हालचाल शाबूत आहे यावरून १ पासून ४.५ पर्यंत गुण दिलेले असतात. छातीखाली काहीच हलत नाही अशाला १. गुडघ्याखालचा पाय नाही पण धड पूर्ण ताब्यात आहे अशाला ४ वा ४.५. कोर्टावर उतरलेल्या पाच जणांच्या गुणांची बेरीज आंतरराष्ट्रीय सामन्यांत १४ च्या वर जाता कामा नये. साडेचारचे पाचही खेळवायचे म्हटले तर बेरीज साडेबावीस होते; ते चालत नाही. साडेचार, चार, तीन, दीड आणि एक अशी पंचकडी जमवावी लागते. म्हणजे ज्याला सर्वांत कमी हालचाल करता येते तो एक गुणाचा खेळाडू संघात कुणाच्या मेहेरबानीने नसतो. तो नसेल तर साडेचार गुणांच्या उस्तादाला बाकावर बसावे लागेल. आणि कोर्टावर तो एक गुणवाला शोभेला नसतो : त्याने आपली खुर्ची अचूक जागी आडवी लावून समोरच्याची वाट बंद केली की मागून उस्ताद मोकळा रिंगकडे जातो. टाळ्या दुसऱ्याला मिळतात. जाणता प्रेक्षक पहिल्याकडे पाहतो.

ताकाहाशीच्या अ-ब-क-ड च्या शेजारी ही गुणपद्धती ठेवून पाहा. तीही माणसांना आकडे देते. तीही वरून खाली लावलेली उतरंड आहे. पण तिच्यातला लहान आकडा मोठ्या आकड्याला जागा करून देतो. किंमत एकट्याची होत नाही, बेरजेची होते. इनोउए ही पद्धत कथेच्या ओघात समजावून देतात आणि ताकाहाशीच्या श्रेणीही दाखवतात. या दोन मोजपट्ट्यांची गाठ मात्र वाचकाने मारायची आहे. माझ्यापुरती ती जेव्हा बसली तेव्हा या पुस्तकाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. पुनर्वसनाच्या करुण गोष्टीआड एक फार जुना नैतिक प्रश्न उभा होता, माणसाची किंमत कशाने करायची हा. तो प्रश्न इथे प्रवचनातून सुटत नाही, खेळाच्या नियमपुस्तकातून सुटतो.

चित्रांविषयी लिहिणे मला अवघड जाते, पण टाळून चालणार नाही. इनोउए यांची दृष्टी बहुतेक वेळा खुर्चीच्या उंचीवर असते. उभी माणसे खालून वर दिसतात, त्यांच्या हनुवट्या आणि नाकपुड्या दिसतात. सामन्याच्या पानांवर चाकांच्या रेषा, तळहात, घाम आणि धातूवर आदळणारा धातू. मग अचानक दोन पाने शब्दच नाहीत. नुसता एक चेहरा, चौकटीमागून चौकट, त्यातल्या एका चौकटीत डोळे किंचित खाली. मराठी कथेत अशा जागी ‘त्याच्या मनात विचारांचे काहूर माजले’ असे लिहिण्याची पद्धत आहे. इथे काहूर वगैरे काही नाही, माणूस गप्प आहे एवढेच.

या खेळाचा इतिहास थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात पाठीचे कणे मोडून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी १९४५-४६ च्या सुमारास सैनिकी इस्पितळांत हा खेळ सुरू केला. तिकडे इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल इथे लुडविग गुटमन या जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यू डॉक्टराने २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच, १६ जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकचे मूळ तिथे आहे. जपानचे डॉक्टर युताका नाकामुरा १९६० मध्ये गुटमनकडे जाऊन शिकले, १९६४ च्या तोक्यो पॅरालिंपिकमागे त्यांचे श्रम होते, आणि १९६५ मध्ये त्यांनी बेप्पूला ‘ताइयो नो इए’ ही अपंगांना दानाऐवजी काम देणारी संस्था काढली. ‘रिअल’ची जमीन ही अशी आधी नांगरलेली होती. त्याच तोक्योत पुढे, २०२१ मध्ये लांबणीवर पडून झालेल्या पॅरालिंपिकमध्ये, जपानचा पुरुष संघ अंतिम सामन्यात अमेरिकेकडून ६४-६० असा हरला आणि रौप्यपदक घेऊन गेला. त्या देशात या खेळाला प्रेक्षक मिळण्यात या चित्रकादंबरीचा वाटा मोठा मानला जातो.

सैनिकी इस्पितळाचा विषय निघाला आहे तर ‘द मेन’ या १९५० च्या चित्रपटाचे नाव घ्यायला हवे. फ्रेड झिनेमन दिग्दर्शक, मार्लन ब्रँडोचा पहिला चित्रपट. कॅलिफोर्नियातल्या ज्या सैनिकी इस्पितळात तो चित्रित झाला तिथले खरे रुग्ण त्यात आहेत आणि ब्रँडो आधी काही आठवडे त्यांच्यातच खुर्चीत राहिला होता. चित्रपट प्रामाणिक आहे. तरी त्याचा प्रश्न शेवटी ‘हिला आपल्याशी लग्न करून सुख मिळेल का’ यापाशी येऊन थांबतो. इनोउए लग्नापाशी थांबत नाहीत. त्यांचा प्रश्न, उद्या सकाळी उठून करायचे काय, हा आहे.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे या विषयावर काहीच नाही असे मुळीच नाही. बेळगावहून दोन-अडीच तासांवरच्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ पासून ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था चालवली, आणि त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठीत आहे. ते ज्यांनी वाचले नसेल त्यांनी आधी ते वाचावे, मग ‘रिअल’. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले आणि ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये आला. चित्रपटाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही, त्याने एक विसरलेले नाव घराघरांत नेले. पण त्याचे सगळे चालणे पदकाच्या दिशेने आहे. पदक दिसले की प्रेक्षक सुटला. आपल्याला पदकवाले अपंग आवडतात. डिसेंबर २०१५ पासून तर आपण त्यांना ‘दिव्यांग’च केले. एखाद्याच्या अंगी दिव्यत्व असले की त्याच्यासाठी उतार बांधण्याची निकड राहत नाही, हा या शब्दाचा मोठा फायदा आहे.

हे मी उगाच तिरकस लिहीत नाही. आमच्या सीमाभागात भाषेसाठी, साहित्यासाठी जीव टाकणारी माणसे आहेत, संमेलने भरतात, व्याख्यानमाला चालतात. त्यातल्या एका सभागृहाला, नाव घेत नाही, पहिल्या मजल्यावर जायला २१ पायऱ्या आहेत. महामार्गावरच्या अपघातात पाय गेलेला, गेली काही वर्षे खुर्चीत असलेला एक तरुण वाचक तिथल्या कार्यक्रमांना येतो. तो खाली वाहने लावतात त्या जागी खुर्ची लावून ध्वनिवर्धकावरून व्याख्यान ऐकतो. कुणीतरी त्याला चहा नेऊन देतो. उचलून वर नेण्याची तयारी अनेकांनी दाखवली, तो नको म्हणतो. त्याच्या ‘नको’ला काही जण गर्व म्हणतात.

‘रिअल’चे खंड मी त्याला वाचायला दिले. त्याचे मत मला महत्त्वाचे वाटले म्हणून नोंदवतो. समीक्षक म्हणून माझे जे जमले नाही ते त्याला दोन वाक्यांत जमले. पहिला खंड परत देताना तो म्हणाला, “रोज थोडं थोडं वाचूलालोय, सर. ह्यानं उगीच गोड केलेलं नाही की हो.” पुढे तीन-चार खंड झाल्यावर मी नोमियाविषयी विचारले. मला नोमिया आवडतो. अपराधाचे ओझे घेऊन हमाली करत, धडपडत राहणारा, व्यावसायिक संघाच्या निवडचाचणीला जाऊन नापास होणारा, तरी खेळाचा नाद न सोडणारा तो दांडगट मला कादंबरीचा प्राण वाटला होता. त्याचे उत्तर असे : “सर, पाय असलेल्या माणसाच्या पश्चात्तापाचं मी काय करू? ती पोरगी कुठं गेली ते सांगा की.”

ती पोरगी म्हणजे यामाशिता नात्सुमी, नोमियाच्या मोटरसायकलवर मागे बसलेली. पहिल्या खंडात ती खुर्चीत आहे आणि बोलत नाही. पुढे ती कथेच्या कडेला सरकते. अधूनमधून दिसते, पण तिची सकाळ, तिचा बिछाना, तिचा राग यांना ताकाहाशीच्या सकाळीइतकी पाने मिळत नाहीत. तिचे पाय जाणे हे नोमियाच्या आत्मशोधाचे निमित्त होऊन बसते. या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि शोधूही नये. तोगावाची बालमैत्रीण अझुमी संघाची व्यवस्था पाहते, ताकाहाशीची आई सोसते, परिचारिका धीर देतात. बायकांनी सावरायचे आणि पुरुषांनी सावरले जायचे ही वाटणी जपानी असेल तशीच मराठीही आहे, म्हणूनच ती वाचताना खटकत नाही आणि कुणी दाखवली की खटकते. खुर्चीतला बास्केटबॉल बायकाही खेळतात, १९६८ पासून पॅरालिंपिकमध्ये त्यांची स्पर्धा आहे. या विषयाला वाहिलेल्या पुस्तकात त्या मुख्य जागी नसाव्यात, हे इनोउए यांच्यासारख्या चौफेर पाहणाऱ्या लेखकाच्या बाबतीत मला उणेपणाचे वाटते.

दुसरा आक्षेप माझा स्वतःचा. मधल्या काही खंडांत पात्रे घोषवाक्ये बोलू लागतात. तोगावाचा मित्र यामा, ज्याचे स्नायू दिवसेंदिवस झिजत चालले आहेत आणि ज्याला आपले आयुष्य किती थोडे आहे हे ठाऊक आहे, तो काही पानांवर माणूस राहत नाही, इतरांना पेटवणारी काडी होतो. मरणाच्या दारातल्या मित्राकडून नायकाला स्फूर्ती मिळणे ही जगातल्या सगळ्या भाषांतली सोयीची युक्ती आहे. सुदैवाने यामा लवकरच चिडतो, हेवा करतो, घाबरतो, आणि पुन्हा माणूस होतो.

शिरातोरीविषयी लिहिले नाही तर कुस्तीच्या मुलखातला मी, माझ्यावर बोल येईल. ताकाहाशीच्या पुनर्वसन केंद्रात हा एक अगडबंब मल्ल येतो. तो व्यावसायिक कुस्तीतला, म्हणजे दूरदर्शनवर दिसणाऱ्या, आधीच निकाल ठरलेल्या कुस्तीतला. ‘स्कॉर्पियन’ हे त्याचे रिंगणातले नाव आणि खलनायक ही त्याची भूमिका. लोकांनी शिव्या द्याव्यात म्हणून त्याला पैसे मिळत. आता त्याचाही कणा दुखावला आहे. बेळगावच्या आनंदवाडीच्या आखाड्यात ज्यांनी लाल मातीतल्या कुस्त्या पाहिल्या त्यांना असल्या कुस्तीविषयी काय वाटते ते सांगायला नको. ‘नुरा कुस्ती’ हा आपल्याकडे शिवीसारखा शब्द आहे. आणि तरीही शिरातोरी पुन्हा रिंगणात उतरतो ते प्रकरण वाचताना माझा सगळा सोवळेपणा गळून पडला. निकाल ठरलेला आहे, डाव लटके आहेत, पण धड उभे न राहणारे ते शरीर मात्र लटके नाही. सोंग वठवण्यासाठी तो खऱ्या वेदना भोगतो, आणि समोरचे मल्ल आपल्या खोट्या मारांतून त्याला खरोखर सांभाळून घेतात. प्रेक्षक ओरडतात ते खलनायकाला. त्याला दया नको असते, शिव्या हव्या असतात, कारण शिव्या हा त्याचा धंदा आहे आणि धंदा परत मिळणे म्हणजे स्वतः परत मिळणे. हे पाहायला इस्पितळातली मंडळी आलेली आहेत, त्यांत ताकाहाशीही आहे. त्या गर्दीत तो पहिल्यांदा कुणाला श्रेणी द्यायचे विसरून जातो असे मला वाटले; तशी एक चौकट आहे, त्याचा चेहरा नुसता उघडा पडलेला.

त्यानंतरच तो खुर्चीतल्या बास्केटबॉलकडे वळू शकतो. इथेही लेखक त्याला सवलत देत नाही. शाळेचा कप्तान असलेल्या या मुलाला चेंडू रिंगपर्यंत पोहोचवणे पहिल्यापासून शिकावे लागते, कारण फेकीचे अर्धे बळ पायांतून आणि पोटातून येते हे पाय आणि पोट असेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. ‘चिकाटी’ हा शब्द आपण भाषणात वापरतो तेव्हा त्यात छाती पुढे काढण्याचा आवाज असतो. इथली चिकाटी अतिशय कंटाळवाणी आहे : तीच फेक, तोच न पोहोचणारा चेंडू, पुन्हा चाके रेटत तो आणायला जाणे. चेंडू आणून देणारा कुणी नसतो तेव्हा तर खाली वाकून, चेंडू चाकाला टेकवून, चाक फिरवत तो मांडीवर घ्यावा लागतो. ही युक्ती शिकायलाच कित्येक दिवस जातात. इनोउए यांनी ही पाने रेंगाळत काढली आहेत आणि मी ती दोनदा वाचली.

पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून जखमी सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे, आणि भारतात खुर्चीतल्या बास्केटबॉलचा राष्ट्रीय महासंघ २०१४ पासून काम करतो. म्हणजे या गोष्टीची पात्रे आपल्या आसपास आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या गावात आहे त्या गावच्या लेखकांना खडकीपर्यंत जाण्यासाठी जपानची वाट धरायला नको होती. त्यांच्याविषयी आपण लिहितो तेव्हा २६ जानेवारीच्या पुरवणीत लिहितो. कादंबरीकार तिकडे गेलेला नाही. गेला तर त्याला शौर्य हवे असेल, आणि तिथल्या माणसांना कदाचित ताकाहाशीसारखा नुसता वैताग आलेला असेल, त्या वैतागासाठी आपल्या गद्यात जागा असायला हवी.

पंधराव्या खंडाशी मी आता थांबलो आहे. त्या खालच्या वाचकाकडे सध्या अकरावा आहे. तो परत करायला आला की शिरातोरीच्या प्रकरणाविषयी त्याला काय वाटले ते विचारायचे आहे. त्याचे म्हणणे माझ्यापेक्षा वेगळे पडेल असा माझा अंदाज आहे, कारण परवा वाहनांच्या त्या जागेत तो हसत म्हणाला, “सर, तुम्ही लई लवकर भारावता.”